न वाटलेल्या चिठ्ठ्या

भीतीनं वर केलेल्या हाताला तुम्ही संमती म्हणाल का? मशीनवरच्या कूलंटचा आंबूस वास आला की मला चाकणच्या आमच्या कंपनीचं कँटीन आठवतं. शिफ्ट सुटली होती, सगळ्यांच्या कपड्यांना तोच वास होता आणि संघटनेला वेतन करारावर मत घ्यायचं होतं. कायम कामगारांना पगारवाढ आणि कंत्राटी पोरांना डच्चू, असा तो करार. मोशीतला माझा रूम पार्टनर कंत्राटीच होता. त्याला मत नव्हतं, पण त्याची नोकरी आम्हा कायम कामगारांच्या मतावर टांगलेली होती. चिठ्ठ्या कापून, पार्ट्सच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून मी गुप्त मतदानाची तयारी केली होती. मत गुप्त का असावं, हे मला पत्रकं देऊन शिकवणारे आमचे अध्यक्षच उठले. "चिठ्ठ्या कशाला, राव? आपण घरचीच माणसं. मंजूर असेल त्यांनी हात वर करा!" दारात एचआरचे साहेब चहा पीत उभे होते. हात भराभर वर गेले. "भाऊ, साहेबासमोर मत मागू नये, हे तुम्हीच सांगायचात ना?" मी ओरडलो. ते हसले. "भावा, ती पत्रकं रूमवर वाचायची असतात. पगारवाढ घे गुमान." टाळ्या पडल्या, करार मंजूर झाला. रूमवर पार्टनरनं विचारलं, "आमच्या बाजूनं किती जण होते रे?" मला सांगता येईना, कारण साहेबासमोर खरं मत कुणालाच देऊ दिलं नव्हतं. आज मी दुसऱ्या कंपनीत आहे, पण अध्यक्षांना माफ केलेलं नाही. तुमच्याकडे कुणी टाळ्यांवर ठराव मंजूर करू लागलं, तर एकट्यानं का होईना, उभे राहा आणि चिठ्ठ्या मागा.