तीन नंबरचं मशिन

सावेडीतून सकाळी आठला गाडी काढली तेव्हा मला फक्त सोनईपर्यंत जायचं होतं. चाळीसेक किलोमीटर जायचं, मशिन उचलायचं आणि अकराच्या आत परत यायचं. एवढं साधं काम, तरी फाटकाबाहेर पडेपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. गाडीचा काही दोष नव्हता. क्लच मीच घाईनं सोडत होते.

माझी थोरली बहीण, आक्का, तेवीस दिवस दवाखान्यात होती. घरात आम्ही दोघीच. ती पोस्टातून निवृत्त झालेली, मी अजून शाळेत गणित शिकवणारी. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, आक्कांना आता आमची गरज नाही, ऑक्सिजनची आहे, तीही थोडी. घरी मशिन लावता आलं तर उद्या पाचला सोडतो. खाट मोकळी करावीच लागेल. खाली बघितलंत ना?"

बघितलं होतं. दवाखान्याच्या दारात एका जीपमध्ये एक माणूस सिलिंडर लावून बसला होता. त्याची बायको वरच्या खिडक्यांकडे टक लावून उभी होती. तिची नजर चुकवून मी बाहेर पडले.

हवेतून ऑक्सिजन काढणारी ही मशिनं लहान कपाटाएवढी असतात. कोरोनाची लाट ऐन भरात असताना माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून तीन घेतली आणि घरोघरी फिरती ठेवली. कुठलं मशिन कुणाकडे, याची वही माझ्याकडे. नियमही मीच केला होता: पेशंट बरा झाला की दोन दिवसांत मशिन परत. पहिली दोन मशिनं चालू होती, ती काढून घेणं शक्यच नव्हतं. तिसरं सोनईच्या शांताबाईंकडे. त्यांचे मालक बरे झाल्याचं मला कळलं होतं, पण मशिन आलं नव्हतं आणि बाई फोन उचलत नव्हत्या. नगरात भाड्यानं मिळतं का म्हणून रात्री दहा ठिकाणी विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, "वेटिंग आहे."

औरंगाबाद रस्त्याला लागले आणि चिडचिड सुरू झाली. अहो, काय ती गर्दी! निर्बंध सैल होऊन चार दिवस झाले असतील नसतील. दुकानं चारपर्यंतच उघडी, म्हणून सगळं गाव सकाळीच बाहेर. कापडाच्या दुकानासमोर रांग, न्हाव्याकडे रांग, मास्क सगळ्यांच्या हनुवटीवर. एका टेम्पोत नवरदेव फेटा बांधून पुढे बसलेला आणि मागे मोजकं वऱ्हाड दाटीवाटीनं. लोकांना जगायचं होतं, हे मला कळत होतं. तरी प्रत्येकाला थांबवून विचारावंसं वाटत होतं की बाबांनो, त्या जीपमधल्या माणसाला खाट मिळालेली नाही, तुमचं कसं काय सगळं सुरू झालं?

घोडेगावला वळले. गुरांच्या बाजाराचं मैदान ओस पडलं होतं, एरवी तिथे म्हशींमधून गाडी काढता काढता नाकी नऊ येतात. पुढे दोन्ही बाजूंना ऊस, हिरवागार आणि गप्प. सोनईत पोचले तेव्हा शांताबाई अंगणात भांडी घासत होत्या. मला बघताच त्यांनी पदर तोंडाला लावला. ओसरीवर त्यांचे मालक खाटेवर बसून चहा पीत होते, चांगले गुटगुटीत.

"मशिन कुठंय, शांताबाई?"

"बसा तर बाई. च्या टाकते."

"चहा नको. मशिन."

"हितं न्हाई." त्या राखेचा हात तसाच धरून उभ्या राहिल्या. "खर्ड्याला धाडलं. माझी लेक हाय तिथं. तिच्या सासूला लई धाप लागली हुती. जावयाचा रातीचा फोन आला, तुमाला इचारायला येळच न्हवता बगा."

"मग आता ती बरी आहे ना?"

"गेली वो." शांताबाई खाली बसल्या. "आज नववा दिस. तुमचा फोन बगायची आन् घाबरायची. दुखवट्याच्या घरात, त्यात लेकीच्या सासरी, मशिन द्या म्हनून कुन्या तोंडानं सांगू?"

मला राग आला. नऊ दिवस! नऊ दिवस ते मशिन बंद पडून होतं आणि माझ्या वहीत मात्र शांताबाईंच्या नावापुढे 'चालू' लिहिलेलं. मी म्हटलं, "अहो, लोकं श्वासाला महाग झालीत आणि तुम्ही वस्तू अडवून धरता? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" ओसरीवरचे मालक कप खाली ठेवून मान घालून बसले. मी चहा न घेता निघाले. शांताबाईंनी धावत येऊन खिडकीतून दोन केळी आत टाकली, आणि मी 'नको' म्हणायच्या आत मागे सरल्या.

आता खर्डा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. पुन्हा नगर, तिथून जामखेड रस्ता, जामखेडहून पुढे. जाऊन येऊन दोनशे किलोमीटर तरी, आणि घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. जायचं की नाही, असा विचार करायलाही उसंत नव्हती. नगर ओलांडताना दवाखान्याच्या गल्लीकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.

चिचोंडी सोडली की ऊस संपतो. जमीन तांबूस, उघडी होत जाते, बाभळी सुरू होतात. आणि मग आमच्या जिल्ह्याची ती जुनी गंमत येते. जामखेड आमचं, पण तिथे जायचं तर मध्ये बीड जिल्हा लागतो. सीमेवर बांबू आडवा टाकलेला, खुर्चीवर एक हवालदार.

"पास?"

"मला बीडला जायचंच नाहीये. खर्ड्याला जायचंय, नगर जिल्ह्यात."

"पर मधी बीड लागतंय नव्हं?"

"त्याला मी काय करू? बीड मी आणून ठेवलंय का मध्ये?"

तो हसला. मी नाही हसले. मी रडायला लागले, अगदी भर रस्त्यात, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. तीस वर्षं मी वर्गात पोरांना रडवत आले, आणि ही अशी वेळ. आक्काचं, मशिनचं, पाच वाजताचं सगळं भडाभडा सांगून टाकलं. हवालदार उठला आणि त्यानं स्वतः बांबू उचलला. "जावा बाई. याच वाटंनं माघारी या, मी हाय हितंच."

कड्याला थांबले, कारण डोळ्यांपुढे अंधारी येत होती. हॉटेलात बसायला बंदी, फक्त पार्सल. पिशवीतली मिसळ गाडीत बसून खायला गेले आणि निम्मा रस्सा मांडीवर. लाल डाग पडलेल्या साडीनं दुखवट्याच्या घरात जायचं नशिबी होतं. मिसळ मात्र फक्कड होती, खोटं कशाला बोलू. शेवटचा घास घेताना आक्का आठवली. तिला तेवीस दिवसांत चवच लागत नव्हती.

खर्ड्याच्या किल्ल्याची तटबंदी दिसली तेव्हा एक वाजत आला होता. दोनदा सहल आणली आहे मी इथे. बुरूज मोजायला लावले होते पोरांना. या वेळी नजरही टाकली नाही. पत्ता विचारत एका दगडी घरापाशी आले, वर माळवद (मातीचं सपाट छत). ओट्यावर मुंडण केलेले सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. तेच शांताबाईंचे व्याही, सुखदेवतात्या. सोनईहून फोन आला असावा, मला पाहताच उठले.

"या बाई. आत मातूर बोलवत न्हाई. सुतक हाय."

"तात्या, वाईट झालं. पण मला मशिन लगेच हवंय. माझ्या बहिणीला पाचपर्यंत..."

"सोनईची म्हनली मला. ते बगा."

दारातून कोपऱ्यातलं मशिन दिसलं. धुतलेल्या पांढऱ्या धोतरानं झाकलेलं, त्यापुढे जमीन सारवलेली.

"नऊ दिवस झाले, तात्या," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. "कळवायचं तरी!"

"आवो, सुतकातनं वस्तू कशी द्यायची? आन् ती बी असली." ते मशिनकडे बघत होते. "हिचा जीव त्याच्यावर गेला. तसंच उचलून दुसऱ्याच्या पेशंटाला लावायचं? आमच्या घरची इडापिडा त्यांच्या घरी धाडायची? म्हनलं तेरावं हू दे. पूजा करू, नारळ फोडू, आन् मग सोता घिऊन येऊ नगरला. आमी ठिऊन घेनार न्हवतो, बाई."

सोनईपासून मनात जुळवत आणलेलं सगळं भाषण जागच्या जागी राहिलं. हा माणूस मशिन अडवून बसला नव्हता. माझ्या आक्काला, जिचं नावही त्याला ठाऊक नव्हतं, तिला तो आपल्या घरच्या मरणापासून जपत होता. आणि त्याच जपण्यानं ती गुदमरणार होती.

"तात्या," मी म्हणाले, "आक्काला चालेल. माझ्यावर विश्वास ठेवा. ती पोस्टात होती, सुतकाची पत्रंसुद्धा तिनं जन्मभर वेळेवर पोचवली."

मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दोनदा बघितलं. मग त्यांनी शेजारी हाक मारली, "गयाबाई, ओ गयाबाई!" गयाबाई आल्या. साठीच्या, काटक, डोक्यावर पदर. तात्यांनी सांगितलं, "तुमी उचला. तुमच्या हातनं जाऊ द्या, म्हंजी सुतकातनं गेलं असं हुनार न्हाई."

गयाबाईंनी धोतर काढलं, मशिन ओल्या फडक्यानं पुसलं आणि त्याच्या चाकांवरून ढकलत गाडीपर्यंत आणलं. आम्ही दोघींनी ते मागच्या सीटवर चढवून पट्ट्यानं बांधलं. मी गाडीत बसणार तोच त्या म्हणाल्या, "थांबा वाईच, रिकामं कसं धाडायचं?" घरात जाऊन त्यांनी गाठोडं आणलं आणि मशिनच्या पायाशी ठेवलं. "हुलगं हायत (कुळीथ). आक्कास्नी शेंगुळे करून घाला. ताकद यील."

तात्या ओट्यावरून खाली उतरले नाहीत. फक्त हात जोडून मशिनकडे बघत राहिले. सांगायला नको, ते मला हात जोडत नव्हते.

परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही. सीमेवरच्या हवालदारानं मागच्या सीटवर नजर टाकली आणि मी गाडी थांबवायच्या आधीच बांबू वर केला. नगरात शिरले तेव्हा चार वाजलेले, दुकानांची शटरं खाली येत होती. पाचच्या आधी आक्का स्ट्रेचरवरून खाली आली. जीपमधल्या माणसाला घेऊन त्याची बायको जिन्यातच आम्हाला भेटली. तिनं आक्काच्या पायांना हात लावला. आक्काला कळेना कोण बाई आहे ती.

खरं तर इथे प्रवास संपला. पण वहीतलं एक पान अजून सांगायचं राहिलंय.

मशिन आक्काच्या उशाशी बुडबुडत राहिलं. दुसऱ्या आठवड्यात ती बसून जेवू लागली. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "आता काढा नळी, गरज नाही." मी नळी काढली. मशिन मात्र तिथेच ठेवलं. असू दे आपलं. रात्रीबेरात्री लागलं तर? तिसरी लाट येणार म्हणतात. नियमाप्रमाणे दोन दिवस झाले, आठ झाले, बारा झाले. वहीत तीन नंबरसमोर 'चालू' लिहिलेलं होतं, ते मी तसंच राहू दिलं.

मग एका सकाळी सुखदेवतात्यांचा फोन आला.

"बाई, आक्का कशा हायत? मशिन मोकळं झालं आसंल तर इचारतो. गयाबाईचा ऑक्सिजन लई खाली गेलाय. जामखेडला खाट न्हाई. डागदर म्हनत्यात, घरी मशिन आसलं तर निभंल."

"अजून लागतंय, तात्या," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते असं सहज आलं की माझा मलाच धक्का बसला. तात्या म्हणाले, "बरं बरं, आक्कास्नी जपा." त्यांनी फोन ठेवला.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळपासून गयाबाईंच्या हुलग्यांचे शेंगोळे वळत होती, हात पिठानं भरलेले.

"कुणाला लागतंय गं अजून?"

मी फोन पदराआड धरला.

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," ती म्हणाली. रागावली नव्हती. त्याचंच जास्त लागलं मला. "फोन लाव त्यांना. निघतोय म्हणावं. आणि हे शेंगोळे डब्यात भर, रिकामं नाही न्यायचं."

"तू कशाला येतेस? मी जाऊन येते."

"तुझ्यावर भरवसा नाही माझा. कड्यालाच गाडी वळवशील."

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. शेजाऱ्यांच्या मदतीनं मशिन उतरवलं आणि मागून आक्का निघाली. चौतीस पायऱ्या. कठडा न धरता, कुठेही न थांबता ती उतरली. मी एकेक पायरी मोजत होते.

दुपारी खर्ड्यात तात्यांनीच मशिन उतरवून घेतलं. गयाबाई खाटेवर होत्या, ओठ काळसर पडलेले. नळी लावली. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा हळूहळू चढायला लागला तसा तात्यांनी खिशातून रुमाल काढला. मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही की सकाळी 'लागतंय' म्हणालात त्याचं काय झालं. मीच सांगितलं, "तात्या, मी खोटं बोलले." ते म्हणाले, "मानूस हाय, बाई. भ्या वाटतंच."

मी त्यांना 'नऊ दिवस' म्हणून ऐकवलं होतं. शांताबाईंची तर माणुसकी काढली होती.

येताना सोनईवरून जायचं ठरवलं. उलटा रस्ता, पण मला त्या अंगणात बसून चहा प्यायचा होता. आष्टीच्या पुढे आक्काचा डोळा लागला. मागची सीट रिकामी होती आणि घरी कानात बसलेला तो बुडबुडण्याचा आवाज नव्हता. मी काच वर केली, वारा बंद झाला, आणि तिचा श्वास ऐकू आला. सीमेवरचा बांबू दिसेपर्यंत मी तो ऐकत राहिले. मग काच खाली केली.