राजभवनातले तेलवाले शेठ

शेठ कागदावर बोट ठेवून वाचत. शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळे वेग बेताचा. पण ओळ नीट समजल्याशिवाय बोट खाली सरकत नसे. मुरबाडला त्यांची खुरासणीच्या तेलाची गिरणी होती आणि मी तिथे पत्रव्यवहार बघायची. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलेलं एक पत्र त्यांनी तीनदा परत दिलं. "मला नाय कळलं, तर ज्याला पाठवतो त्याला काय कळणार? सोपं कर गो."

वैशाखरे गावाकडच्या बायका खुरासणीच्या पाट्या घेऊन गिरणीत येत. कुणाचं रेशनकार्ड अडलेलं, कुणाच्या पाड्याला रस्ता नाही. शेठ ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत जाऊन बसत. साहेब भेटेपर्यंत उठत नसत. "मी बसतो. मला दुसरं काम नाय," असं शिपायाला सांगत. इकडे गिरणीत आम्ही त्यांची वाट बघत असू.

आयुष्यभर पक्षाचं काम केलं, तिकीट मात्र कधी मागितलं नाही. सत्तरीला दिल्लीहून फोन आला आणि ईशान्येकडच्या एका डोंगराळ राज्याचे राज्यपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. गिरणी मुलाकडे सोपवून ते निघाले. त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, मलाही सोबत घेतलं. "इंग्रजी सांगायला आपलं माणूस पायजे," म्हणाल्या.

वर्षभराने एक विधेयक सहीला आलं. खाणीसाठी जंगलातली काही गावं उठवायची होती. सचिव म्हणाले, ही केवळ औपचारिकता आहे. मी दोन दिवस एकेक कलम मराठीत सांगत होते. शेवटी शेठनी विचारलं, "गावाला इचारायचं कुठं लिवलंय?"

"कुठेच नाही."

"मग मीच इचारून येतो."

गाडी जिथे थांबली तिथून पुढे, दुखऱ्या गुडघ्यांनी, ते चालत गेले. तीन गावांत चुलीपाशी बसून दुभाष्यामार्फत बोलले. परतल्यावर विधेयक त्यांनी फेरविचारासाठी धाडलं. दिल्लीहून फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते. शेठनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, तुमी मला काढू शकता. पण हा कागद हाये तसा मी पुढं सोडणार नाय."

विधानसभेत बरीच खडाजंगी झाली. अखेर ग्रामसभेच्या संमतीची अट घातली गेली आणि शेठनी त्याच दिवशी सही केली. महिन्याभरात त्यांना पद सोडायला सांगण्यात आलं. ट्रंका भरताना मला रडू आवरेना. "रडतेस कशाला?" ते म्हणाले. "काम झालं ना?" चौथ्या दिवशी ते मुरबाडला गिरणीत हजर होते.

गेल्या वर्षी शेठ गेले. सहाव्या दिवशी दोन अनोळखी माणसं एसटीतून उतरून घर विचारत आली. त्या तीन गावांपैकी एकाचा मुखिया आणि त्याचा भाऊ. तीन दिवस रेल्वेने प्रवास करून आले होते. मोडक्या हिंदीत मुखिया एवढंच म्हणाला, "हमारा गाँव अभी भी है." हातमागाची लाल शाल त्याने शेठच्या फोटोसमोर ठेवली.

सुतकाचं घर, पाहुण्यांची सोय बाजारातल्या लॉजवर करावी, असं कुणीतरी सुचवलं. काकू उठल्या आणि मुलाच्या सतरंजीशेजारी त्यांनी आणखी एक सतरंजी अंथरली. "हे दहाव्यापर्यंत इथंच ऱ्हातील. घरचे हायेत."

दहाव्याला नदीवर मुलाने पाणी दिलं, आणि त्याच्यामागोमाग त्या दोघांनीही.