समिंदरमायचा चहा

आमच्या घरात एक देवी कापडाच्या ठाणाला चिकटून आली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि अमरावतीच्या बाजारात विलायती कापडाची चलती होती. वडील भिक्षुकी करायचे. कुण्या यजमानानं त्यांना दक्षिणेत मांजरपाटाचं ठाण दिलं, त्यावर तळहाताएवढा रंगीत कागद डकवलेला होता. कागदावर एक धिप्पाड बाई. डोक्यावर तुऱ्याचा मुकुट, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात ढाल, पायाशी सिंह. मागे निळाशार समुद्र आणि त्यात गलबत.

त्रिशूळ आणि सिंह असलेला कागद उकिरड्यावर टाकणार कोण? आत्यानं तो पाण्यानं भिजवून अलगद सोडवला आणि कोठीघराच्या भिंतीवर खळ लावून चिकटवला.

कोठीघरातच का, ते सांगते. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. कोवळ्या वयात नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली ती कायमची. घरी हळदीकुंकू असलं की सगळं तीच करायची. हरभरे भिजवायची, डाळ वाटायची, पन्हं करायची, आणि बायका यायला लागल्या की उठून कोठीघरात जाऊन बसायची. तिला कोणी 'जा' म्हणत नसे. म्हणावं लागत नसे, याचाच मला आजही जास्त राग येतो. ओटीवर बांगड्यांचा किणकिणाट चाललेला असे आणि जिनं घाम गाळला ती बाई गव्हाच्या पोत्याला टेकून बसलेली असे.

एके दिवशी फुलं घालणारी माळीण पुड्या ठेवायला कोठीघरात गेली आणि भिंतीपाशी थबकली.

"हे कोनती देवी व्हय, बाई?"

"मले का माईत? तिरसूळ हाये, सिंव्ह हाये. आपल्या अंबामायच्या घरचीच कोनीतरी असन," आत्या म्हणाली.

"मांगं पानी हाये, नाव हाये. लय दुरून आली दिसते."

"दमली असन मंग बिचारी."

पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून झालं. दमून आलेल्या पाहुणीला काय द्यायचं? माळीण म्हणाली, चहा. कौंडण्यपूरच्या जत्रेत एक चहावाला फोनोग्राफ वाजवून लोकांना फुकट चहा पाजत होता, तिथं ती तो प्याली होती आणि तिचे दुखरे गुडघे म्हणे रस्ताभर दुखले नव्हते. आमच्या घरात चहाला बंदी होती. चहानं आतडी जळतात आणि धर्म बुडतो, असं वडिलांचं ठाम मत. पण पाहुणीचा प्रश्न होता. माळणीनं पदराला बांधून पुडी आणली, आत्यानं पितळी वाटीत गुळाचा चहा केला आणि देवीपुढं ठेवला. वर झेंडूचं फूल वाहिलं.

त्या मोसमात माळणीच्या वांग्यांना कीड लागली नाही. झालं. देवीला नाव पडलं समिंदरमाय आणि वार ठरला शुक्रवार. गल्लीतल्या बायका कोठीघरात मावेनाशा झाल्या. मुकुटावरचा तुरा म्हणजे शेषाचा फणा आहे, असं एकीचं म्हणणं होतं. ढालीवरच्या आडव्याउभ्या पट्ट्या पाहून दुसरीला सारीपाट आठवला आणि देवी महादेवाशी खेळायला निघाली आहे, असं ठरलं. गलबताचा उलगडा मात्र कोणालाच झाला नाही, तेव्हा तो माहेरून आलेला रुखवत असावा असं मानून सगळ्या गप्प बसल्या.

पहिल्याच शुक्रवारी कुंकू लावायची वेळ आली आणि सगळ्या आईकडे पाहू लागल्या. आईला या देवीचं ओ की ठो ठाऊक नव्हतं. आत्या सवयीनं उठून जायला निघाली, पण जायचं कुठं? कोठीघरातच तर सगळ्या बसलेल्या. ती उंबऱ्यात घुटमळली. तेव्हा शेजारच्या वकिलीणबाई बोलल्या. त्या अकोल्याच्या, तोंडानं फटकळ.

"तुमी काऊन उठल्या? देवी तुमची, कुकू तुमीच लावा."

"मी? मले नाई चालत."

"या देवीच्या पोथीत तसं लिवलं हाये का?"

पोथीच नव्हती. या देवीला पोथी नाही, आरती नाही, सोवळंओवळं नाही. मनाई करणारं कोणीच नव्हतं. वकिलीणबाईंनी कपाळ पुढं केलं. आत्यानं बोट कुंकवात इतकं बुडवलं की अर्धं कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं. सगळ्या खो खो हसल्या, आत्याही हसली, आणि तिला असं हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं.

वडील गलका ऐकून तणतणत आले. ते तोंड उघडणार तोच आईनं त्यांच्या हातात वाटी ठेवली. "समिंदरमायचा परसाद हाये." प्रसाद नाकारावा कसा? वडिलांनी डोळे मिटून तो घेतला, जिभेनं ओठ पुसले आणि आल्या पावली परत गेले. पुढच्या शुक्रवारी दुपार कलल्यावर ओसरीवरून त्यांचं खाकरणं ऐकू आलं, "नैवेद्य झाला का व?" मग दर शुक्रवारी ते तसंच विचारू लागले.

असं वर्षभर चाललं. मग चौकात विलायती कापडाची होळी करायचं ठरलं आणि शेजारचे वकीलसाहेब घरोघर कापड गोळा करत आमच्याकडे आले. वार नेमका शुक्रवार. मांजरपाटाचं ठाण न्यायला ते कोठीघरात शिरले आणि समोर त्यांचीच बायको, कपाळभर कुंकू लावून चहा फुंकत बसलेली.

त्यांची नजर भिंतीवर गेली. "अहो, हे काय मांडलंय? ही देवी नाही! विलायतेच्या नाण्यावर असते ही बाई. साहेबाचं राज्य म्हणजेच ही!"

"मंग तिच्या हाती तिरसूळ काऊन हाये?" माळणीनं विचारलं.

"समुद्रावर आमची सत्ता आहे, असं दाखवायला!"

"हेच त आमी म्हनून राहिलो. समिंदरमाय."

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "बुवा, आता तुम्हीच सांगा. ही देवी आहे की नाही?"

वडील दारात उभे, हातात भरलेली वाटी. आत्या त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. 'नाही' म्हटलं की तिचं कुंकू संपलं, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. 'होय' म्हटलं तर अमरावतीचा एक ब्राह्मण साहेबाच्या राज्याची पूजा करतो, हे संध्याकाळच्या आत बडनेऱ्यापर्यंत पोचलं असतं. वडिलांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "शास्त्र पाहावं लागेल," आणि आत गेले. मला त्यांची अशी चीड आली होती की रडू फुटलं.

आत्यानं कोणाला भिंतीला हात लावू दिला नाही. ओल्या फडक्यानं स्वतःच कागद सोडवला, पदरानं टिपला आणि वकीलसाहेबांच्या हातात दिला. "दुमडू नोका," एवढंच म्हणाली.

चौकात ठाण पेटलं आणि त्यावर कागद पडला, तेव्हा पुरुषांनी घोषणा दिल्या. बायकांचे हात मात्र आपोआप जोडले गेले. कोणीतरी मुठीनं कुंकू उधळलं आणि मागून माळणीचा खणखणीत आवाज आला, "समिंदरमायचा उदो उदो!" वकीलसाहेब ओरडले, "गप्प बसा!" पण तोवर चार पुरुषांनीही सवयीनं 'उदो' म्हणून टाकलं होतं.

पुढच्या शुक्रवारी आत्यानं चूल पेटवली नाही. कोठीघराचं दार लोटून ती पोत्याला टेकून बसली. भिंतीवर कागदाएवढा स्वच्छ चौकोन राहिला होता. दार वकिलीणबाईंनी ढकललं. नवऱ्याशी भांडून आल्या होत्या, डोळे सुजलेले होते. त्यांच्यामागे माळीण आणि बाकीच्या सगळ्या.

"काऊन आल्या?" आत्या म्हणाली. "देवी जळाली."

"तुमचं बोट त नाई ना जळालं?" वकिलीणबाई म्हणाल्या आणि तिच्यापुढं बसून त्यांनी कपाळ पुढं केलं.

आत्यानं पदराला हात पुसले. मग तिनं करंड्याचं झाकण काढलं. तेवढ्यात ओसरीवर वडील खाकरले.

"नैवेद्य झाला का व?" त्यांनी विचारलं.