म्हशीसाठी आणलेली तंबाखू

मशेरी सोडली, असं आई सांगत होती. माझा विश्वास नव्हता.

तंबाखूची पानं भाकरीच्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची, हे ती लग्नाआधीपासून करत आली होती. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तेव्हा म्हापशाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बंद झालं नाही तर पुढे कठीण आहे. लक्ष ठेवा." मी शाळेत शिकवणारी; लक्ष ठेवणं फार मनावर घेतलं.

गोवा राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. मराठी-कोकणीच्या वादात आमच्या इब्रामपुरातली काही घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, ती अजून तशीच होती. कोण कुणाकडे बसतो, यावरही लोकांची नजर असे. मी मात्र घरातच डबे उघडत होते, तवा हुंगत होते.

श्रावणातल्या एका रविवारी गोठ्याच्या वळचणीला तंबाखूच्या पानांची जुडी सापडली. ती घेऊन मी आईसमोर उभी राहिले.

"म्हशीक उवो झाल्यात, बाय. भिजवून पाणी लावतंय तिका."

"म्हशीला एवढी?"

"मगे? म्हस काय चिमूटभर आसा?"

मी हसले नाही. म्हटलं, "तोंड उघड बघू."

तिने केरसुणी खाली ठेवली आणि तोंड उघडलं. मी वाकून वास घेतला. पेजेचा होता. दुसरा कसलाच नाही.

"झाला? आता म्हशीच्याय तोंडाचो घे. तीच चोरून खाता आसतली."

बोलताना ती हसत होती, म्हणून मला वाटलं, मिटलं. पण त्यानंतर माझ्याशी बोलताना ती जरा मागे सरायची, तोंडाला पदर लावायची. त्याचाही मला संशयच आला.

शिमग्यानंतर तिला घास गिळवेना. म्हापशाला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "ही जखम कधीपासून?"

"चवथीपासून," आई म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

गणपतीची चवथ होऊन सहा महिने उलटले होते. एवढे दिवस मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होते.

"मुलीला का नाही दाखवलंत?"

"तिका वाटला असता, मी परत लावूक लागलंय."

पावसाआधी ती गेली.