अभ्याच्या बेसबॉल कार्डाची ग्रेड

अभ्या गेला तेव्हा त्याचं लाडकं कार्ड अमेरिकेत परीक्षेला गेलेलं होतं.

आज त्याला वर्ष झालं.

ओळखत नसलेल्यांसाठी सांगतो. अभिजित, आमचा अभ्या. कॉलेजपासूनचा मित्र. इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनमध्ये माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर.

मध्ये कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या घरमालकाने ह्या क्रिकेटवेड्याला बेसबॉल बघायला शिकवलं. निघताना स्वतःच्या लहानपणचं एक कार्ड त्याच्या हातावर ठेवलं.

पन्नासच्या दशकातलं. च्युइंग गमच्या पाकिटात मिळायचं तसलं. पुढे खूप मोठा झालेल्या एका खेळाडूचं, त्याच्या पहिल्या सीझनचं.

कितीतरी वर्षं ते नुसतं कपाटात होतं.

मग कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. आणि कार्ड कपाटातून टेबलावर आलं.

"निख्या, हा कोपरा झिजून मऊ झाल्यासारखा वाटतोय का तुला?"

"मला चारही सारखेच दिसतायत."

"तुला दिसून उपयोग नाही रे. ग्रेडरला काय दिसतं ते महत्त्वाचं."

मग त्याने मला सगळं समजावलं. हातात भिंग, आवाज उगाचच हळू.

कार्ड तसंच लिलावात टाकलं तर लोक बिचकतात. कडा कापल्या असतील का, रंग भरला असेल का, कुणाला माहीत. म्हणून आधी ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचं. ते कोपरे, कडा, पृष्ठभाग, छपाई मधोमध आहे का, सगळं तपासतात. एक ते दहामधला आकडा देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. दहा म्हणजे परफेक्ट.

"कार्ड तेच. पण एक आकडा वर गेला की किंमत कुठच्या कुठे जाते. आणि खाली आला की..."

त्याने भिंग परत कोपऱ्यावर धरलं.

त्याने सहावर आशा लावली होती. लिलाव कंपनीच्या बाई म्हणाल्या होत्या, सहा आले तर मुख्य लिलावात घेऊ, कॅटलॉगमध्ये पानभर फोटो. चारच्या खाली आले तर ऑनलाइन, बाकीच्या किरकोळ मालाबरोबर.

"नोकरी गेली तर वर्षभर तरी घर चालेल," तो म्हणायचा. "सहा आले पाहिजेत यार."

पार्सल गेलं आणि ह्याची झोप उडाली. निकालाचा मेल आला का म्हणून जेवताना फोन. मीटिंगमध्ये फोन. मधुरा, त्याची बायको, वैतागून म्हणायची, "अभी, ते कार्ड आहे, आपलं मूल नाही."

त्यावर हसायचा. आणि परत फोन बघायचा.

एका दुपारी कंपनीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या गेला.

हार्ट अटॅक.

चव्वेचाळीस.

त्यानंतर काही दिवसांनी त्याच्या नावाने त्सोलआम्टचं, म्हणजे कस्टम्सचं, पत्र आलं. पार्सल आलंय, स्वतः ओळखपत्र घेऊन या.

"स्वतः," मधुरा म्हणाली. आणि किती तरी वेळ त्या एका शब्दाकडेच बघत बसली.

आम्ही गेलो. ती, मी आणि त्यांची तेरा वर्षांची रेवा. शाळेला सुट्टी होती. मधुराने काउंटरवर मृत्यूचा दाखला ठेवला. ऑफिसर आधी ताठ होता, तो वाचून मऊ झाला. "माइन बायलाइड," म्हणजे तुमच्या दुःखात सहभागी आहे, असं म्हणाला आणि कटर पुढे केला. इथे पार्सल आपणच उघडायचं असतं.

तिने कटर माझ्याकडे सरकवला. चिकटपट्टी मीच कापली.

डबीवर लेबल होतं. गुड. दोन.

ह्या धंद्यात 'गुड' म्हणजे झिजलेलं. मागच्या बाजूला केसाएवढी घडी होती, प्रकाश तिरका पडला तरच दिसणारी. एवढं भिंग लावूनही अभ्याला ती दिसली नव्हती.

पण मधुरा आकड्याकडे बघतच नव्हती. सोबतच्या कागदावर निकालाचा मेल पाठवल्याची तारीख आणि वेळ होती. अभ्या गेला त्याच्या आदल्या दिवशीची, अमेरिकेतली संध्याकाळ.

म्हणजे मेल इथे पहाटे आला. अभ्या त्याच दुपारी गेला.

गाडीत बसून तिने दार लावून घेतलं. मग एकदम म्हणाली,

"त्याला कळलं होतं, निखिल. दोन आलेत हे वाचून गेला तो. त्या धक्क्यानेच."

"असं काही नसतं ग."

"तुला काय माहीत? मला तो काही बोललाच नाही त्या दिवशी. एकटा घेऊन बसला असेल."

मला खरंच काही माहीत नव्हतं. मलाही तीच भीती वाटत होती. गाडी सुरू करायचं सुचेना.

मागून रेवा म्हणाली, "पापा हाट्स मीअर डॉख गेश्रीबन." पापाने मला लिहिलं होतं की.

रेवाला मराठी सगळं कळतं. उत्तर जर्मनमध्ये येतं.

तिने फोन पुढे केला. त्या सकाळचे मेसेज.

अभ्या: कार्डाला २ मिळाले.

रेवा: त्स्वाय इस्ट डॉख गूट, पापा! ग्ल्युकवुन्श! (दोन म्हणजे चांगलेच की! अभिनंदन!)

जर्मन शाळेत एक म्हणजे सगळ्यात छान. दोन म्हणजे चांगले. आणि सहा म्हणजे नापास. बाबा इतके दिवस सहा सहा का करतोय, हे त्या पोरीला कळतच नव्हतं.

त्यावर अभ्याने हसून हसून रडणारे इमोजी ओळभर टाकले होते. आणि खाली लिहिलं होतं:

गेनाऊ, अगदी बरोबर! चला, डोक्याचा ताप गेला एकदाचा. आईला मी संध्याकाळी सांगतो. आज पिझ्झा.

मधुराने तो फोन छातीशी धरला. हसत होती की रडत होती, मी पाहिलं नाही. मी समोर काचेतून बघत होतो. मलाही नीट दिसत नव्हतं.

कार्ड पुढे ऑनलाइन लिलावात विकलं गेलं. अभ्याने मनात धरलेल्या रकमेच्या जवळपासही नाही. रेवाच्या शाळेची ट्रिप आणि त्या हिवाळ्याचं हायझुंगचं, म्हणजे घर गरम ठेवण्याचं, बिल भागलं.

आता मधुराला स्टुटगार्टमध्ये नोकरी लागली आहे. रेवाची उंची आईपेक्षा जास्त झाली आहे.

दोघी ठीक आहेत, अभ्या. आम्ही आहोत त्यांच्याजवळ.

खूप आठवण येते रे. निरोप, मित्रा.