मुरमाला एक पावसाळा

फोन नलूच्या नवऱ्याचा, अशोकभाऊंचा होता. त्यांच्या वलगावकडे रात्रभर पाऊस झाल्याचं मला ठाऊक होतं, म्हणून आधी वाटलं, नलूनेच करायला लावला असेल. "बाई, नलू गेली," एवढंच भाऊ म्हणाले. आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "अन् पाणी?" कारण तिच्या घरून फोन आला की तोच प्रश्न असायचा आणि तेच उत्तर... भाऊंना ते विचित्र वाटलं नाही. "पाह्यलं नाही अजून," ते म्हणाले.

नलू माझी नोकरीतली मैत्रीण. मूर्तिजापूरच्या एका शाळेत ती खेळ शिकवायची, मी मराठी. बडनेऱ्याहून रेल्वेने अप-डाउन करता करता आमची गट्टी जमली. ती बोलायला फटकळ, मी त्याहून. डब्यातल्या बाया आमच्यापासून जरा लांबच बसत. तिच्या खो-खोच्या पोरी काळ्या मातीच्या मैदानावर खेळायच्या. आमच्याकडची ही माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि मधले काही दिवस भल्या घरची असल्यासारखी वागते. अशाच एका भेगेत वैशाली नावाच्या पोरीचा पाय गेला आणि गुडघा कायमचा कामातून गेला. राज्याच्या संघात तिची निवड जवळजवळ ठरलेली होती. आता ती अकोल्यात कापडाच्या दुकानात दिवसभर त्याच पायावर उभी असते. आम्ही अकोल्याला गेलो की नलू त्या दुकानात जायची, नको असलेलं ब्लाउजपीस घ्यायची आणि परतीच्या गाडीत माझ्याशी अक्षर बोलायची नाही. ती भेग आधीच का बुजवली नाही, असं तिला कुणीही कधी विचारलं नव्हतं. ती स्वतःलाच विचारत असावी.

निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं, घरामागच्या अंगणात टर्फ टाकायचं. अमरावतीत आता जिकडेतिकडे झालेत तसं, हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं, पण लहानसं आणि फक्त गावातल्या पोरींसाठी. भाड्याच्या टर्फांवर संध्याकाळी बाप्ये खेळतात, पोरींना तिथं कोण उभं करतं? मी तिला वेड्यात काढलं. तिचं अंगण म्हणजे काळी माती, तीही घराकडून नाल्याकडे चांगली उतरलेली. त्यावर गालिचा अंथरायचा म्हणजे म्हशीच्या पाठीवर चादर घालण्यातला प्रकार.

होळीच्या सुमारास तिच्या पोटातल्या गाठीचं कळलं. दिवाळीचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले. नलूने ते भाऊंच्या चेहऱ्यावरून ओळखलं. तरी काम लागलं. कंबरभर काळी माती काढली, नाल्याच्या अंगाला दगडी भिंत घातली, मुरमाचे थर टाकले, पाणी मारून रोलर फिरवला, वर गिट्टीची चुरी दाबून बसवली. पाणी वाहून जावं म्हणून जरासा उतार मुद्दाम ठेवला. गवताचा भलामोठा गुंडाळा येऊन पडवीत पडला. तो उलगडून चिकटवायचा, एवढंच उरलं होतं. आणि नलू म्हणाली, थांबा.

नवा भराव एक पावसाळा प्याल्याशिवाय त्यावर काही करायचं नाही, हे आमच्याकडे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही होतं. तरी मी भांडले.

"टाकून घे वं. पोरी खेळतीन, तू पायशीन तरी. दबलं तं पुढल्या वर्षी उचलू."

"अन् दबल्या जागी एखादीचा पाय पडला तं?"

"अवं, पण तू..."

"मी नसन तं नसन. मले दुसरी वैशाली नाही पाह्यजे."

आजही मला तिचा राग येतो. मरणाऱ्या माणसाने थोडं तरी स्वार्थी असावं.

मग तिचा नाद सुरू झाला. पाऊस उघडला की मागच्या दारातून बाहेर यायचं, अंगणाच्या वरच्या कोपऱ्यात गडवाभर पाणी ओतायचं आणि ते जातं कसं ते पाहत बसायचं. थांबलं तिथे पुन्हा मुरूम, पुन्हा ठोकणं. उठवेनासं झालं तेव्हा भाऊ ओतायचे आणि ती आतून खाटेवरून विचारायची, "थांबलं काय?" श्रावणातल्या एका झडीनंतर खालचा कोपरा वीतभर बसला. गवत असतं तर तो खड्डा त्याच्याखाली लपून राहिला असता. मी सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. जिंकल्याचं काही नव्हतं त्या पाहण्यात, फार दमली होती ती. कोपरा पुन्हा भरून घेतला. पोळ्याच्या आधी ती गेली.

तेरवीला पाहुण्यांनी मंडप त्याच जागेवर टाकायचं ठरवलं. गावात तेवढी सपाट, बिनचिखलाची जागा दुसरी नव्हती. खुंट्या घेऊन माणसं मागे गेलीसुद्धा. कधी आवाज न चढवणारे अशोकभाऊ दारात आडवे उभे राहिले. "इथं खुटा ठोकाचा नाही. रोडवर जेवा, नाहीतं जेवू नका." पंगत रस्त्यावर बसली. नातेवाईक अजून नाराज आहेत.

परवा मी वलगावला गेले. दसरा होऊन गेलाय, आभाळ स्वच्छ आहे. गुंडाळा पडवीतच आहे, दोरीसुद्धा सोडलेली नाही. पोरी येऊन विचारून जातात आणि भाऊ "टाकू, टाकू" म्हणतात. मागच्या दारी मी पाय धुतले. गडव्यात उरलेलं पाणी ओतायला वाकले, तर हात आपसूकच वरच्या कोपऱ्याकडे गेला. पाणी पसरलं, जरा रेंगाळलं, आणि उतार धरून थेट भिंतीलगतच्या नालीत उतरलं. खालचा कोपरासुद्धा पक्का होता.

"थांबलं काय?" आतून भाऊंनी विचारलं.

"नाही भाऊ. कुठंच नाही थांबलं."

 आतून पुन्हा त्यांचा आवाज आला...

"मंग आता हे सांगाचं कोणाले, बाई?"