फोन उघडायचं मशीन

गुन्ह्यांना नंबर असतो, फाईल असते, कपाट असतं. किश्शांना यातलं काहीच नसतं. ते आपले चहाच्या कपांबरोबर साठत जातात आणि कोणी "मॅडम, सांगा ना" म्हटलं की एकदम अंगावर कोसळतात!

मी पोलीस हवालदार. आडनाव म्हात्रे, सध्या सायबरच्या कामाला. आमचा कक्ष नेमका कुठला ते सांगत नाही. खिडकीतून समुद्राचा वारा येतो आणि कपाटाच्या बिजागऱ्या दरवर्षी बदलाव्या लागतात, एवढ्यावरून ओळखा. कक्षात आम्ही तिघं. मी, कॉन्स्टेबल फैजान आणि आमचे इन्स्पेक्टर वर्तक सर. सर चौलचे, घरची नारळ-सुपारीची वाडी. माणूस शांत. पण फोन उघडायचं मशीन या विषयावर त्यांची शांतता दोन वर्षं रजेवर गेली होती.

* * *

मशीन नव्हतं तेव्हाची गोष्ट. जप्त केलेला फोन चालू राहिला आणि त्याला नेटवर्क मिळालं, तर आरोपीचा भाऊ घरी बसून त्यातला सगळा पुरावा पुसू शकतो. म्हणून फोन एका खास पिशवीत ठेवायचा, जिच्यात सिग्नल शिरत नाही. आमच्याकडे ती पिशवी नव्हती. निधी नव्हता. मग आम्ही काय करायचो? चपात्या गुंडाळायची चकचकीत फॉइल आणायची आणि फोनला चार-पाच थर लपेटायचे. वर खाकी पाकीट, लाखेचं सील, पंचांच्या सह्या. मग मांडव्याहून बोटीने पाकीट मुंबईच्या प्रयोगशाळेत.

एका दुपारी सरांनी डबा उघडला. वहिनींनी दिलेल्या भाजीच्या शेजारचं फॉइलचं पुडकं सोडलं, तर आत काळा मोबाईल!

सर माझ्याकडे बघतायत, मी सरांकडे. सरांनी फैजानला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"सर, जेट्टीवर. बोट लागतेय."

"चढू नकोस! परत ये! तू माझे घावने घेऊन चालला आहेस!"

"कोणते घावने, सर?"

"जे सीलबंद आहेत ते!"

फैजान परत आला. तेच दोन पंच पुन्हा बोलावले, त्यांच्यासमोर सील फोडलं. दोन घावने आणि एक खोबऱ्याची वडी निघाली. फोन शाबूत होता, प्रयोगशाळेची तारीख चुकली नाही, सगळं निभावलं. पंचांपैकी एक काका किराणा दुकानवाले. ते शांतपणे म्हणाले, "सही करताना वाटलंच होतं मला. म्हटलं, या गुन्ह्याला गुळाचा वास कसा येतोय?"

* * *

त्या दिवशी सरांनी ठरवलं, आता मशीन आणायचंच. प्रस्ताव तयार झाला. प्रस्ताव तपासायला होत्या जोगळेकर बाई. निधीच्या टेबलावर आयुष्य गेलेलं, चष्मा नाकाच्या टोकावर, नजर थेट मुद्द्यावर. आठवडाभरात त्यांच्या शंका आल्या.

पहिली शंका : 'इमेजिंगसाठी यंत्र मागितले आहे. आपणास गतवर्षी कॅमेरा दिलेला आहे. तो चालू स्थितीत आहे काय?'

सरांनी उत्तर लिहिलं की हे फोटो काढणं नव्हे, हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल काढणं आहे.

दुसरी शंका : 'नक्कल काढण्यासाठी झेरॉक्स मशीन उपलब्ध आहे.'

तिसरी शंका तर मी पाठच केली आहे : 'राइट ब्लॉकर म्हणजे लेखन थांबवण्याचे यंत्र असे दिसते. पोलीस खात्यास लेखन थांबवण्याची गरज का भासली?'

राइट ब्लॉकर म्हणजे एक छोटी डबी. ती मध्ये लावली की डिस्कमधलं नुसतं वाचता येतं, आत काही लिहिलं जात नाही. म्हणजे उद्या कोर्टात "हे पोलिसांनीच आत घातलं" असं कोणी म्हणू शकत नाही. हे सगळं सर मला समजावून सांगत होते, मी उत्तर टाईप करत होते. इतक्यात फैजान म्हणाला, "सर, एक डबी जास्तीची मागवा ना."

"कशाला?"

"शंका लिहिणाऱ्या टेबलावर लावायला!"

सरांनी त्याला खोलीबाहेर काढलं. पण दार लोटल्यावर ते स्वतः इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

* * *

शेवटी निधी मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीत बोलावणं आलं. लांबलचक टेबल, पंधरा-वीस मान्यवर, प्रत्येकासमोर काजू-बिस्किटं आणि प्रत्येकाचा फोन टेबलावर पालथा. कंपनीच्या इंजिनीअरने नमुन्याचं मशीन आणलं होतं. सरांनी छान बोलायला सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला निम्मे लोक बिस्किटांकडे वळले.

एक गृहस्थ म्हणाले, "इन्स्पेक्टर, डिलीट केलेलं परत येतं असं तुम्ही म्हणता. डिलीट केलं म्हणजे गेलं ना हो?"

"नाही साहेब. बऱ्याचदा ते आतच असतं."

"काय सांगता!"

"कोणाचाही एक फोन द्या. आत्ता इथे पडद्यावर दाखवतो."

बिस्किटांकडे गेलेले हात तिथेच थांबले. मग हळूहळू टेबलावरचा एकेक फोन नाहीसा व्हायला लागला. कोणी रुमालाखाली सरकवला, कोणी खिशात घातला. शंका विचारणारे गृहस्थ म्हणाले, "माझा आज घरी राहिला," आणि त्याच क्षणी त्यांच्या खिशात भजन वाजलं!

अध्यक्षांनी घसा साफ केला.

"प्रात्यक्षिकाची गरज वाटत नाही. पोलिसांवर आमचा पूर्ण विश्वास आहे. मंजूर!"

* * *

बैठकीत मंजूर झालं तरी शेवटची सही जोगळेकर बाईंची. आम्ही फाईल घेऊन गेलो, तर बाई फोन हातात धरून बसलेल्या. चेहरा उतरलेला. नातीच्या बारशाचे सगळे फोटो चुकून डिलीट झाले होते. मुलगी-जावई परदेशात, फोटो एवढ्याच फोनमध्ये.

"तुमच्या त्या मशीनमध्ये येतील का हो?" बाईंनी विचारलं. आवाजात शंका-बिंका काही नव्हती.

सर अडखळले. सरकारी मशीन खाजगी कामाला लावता येत नाही, आणि हे सांगायचंय कोणाला, तर जिची सही हवी तिला! मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"बाई, नियमात बसत नाही," सर म्हणाले. म्हणालेच.

बाईंनी मान हलवली. "बरोबर आहे. बसत नाही."

तेवढ्यात फैजानने हात पुढे केला. "आंटी, जरा बघू?" त्याने त्यांच्याच फोनमधली कचरापेटी उघडली. सगळे फोटो तिथेच! आत्याच्या मांडीवर बाळ, पाळण्यात बाळ, रडणारं बाळ. त्याने एक बटण दाबलं आणि बारसं परत आलं.

बाईंनी डोळे पुसले. मग चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि सरांकडे बघितलं.

"हे तर फुकटात झालं. मग मशीन कशाला हवंय?"

सरांचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! दोन वर्षांची मेहनत एका कचरापेटीत चालली होती.

"अहो, गंमत केली!" बाई म्हणाल्या आणि सही ठोकली.

* * *

मशीन आलं परदेशातून, न्हावा शेवाला उतरलं. तिथून टेम्पोने आमच्याकडे. ड्रायव्हर उरणकडचा, आमच्याच समाजातला. बरोबर बंदोबस्ताला मी. पेटी केवढीशी, तर साधारण मिक्सरच्या खोक्याएवढी. त्याला राहवेना.

"ताई, यवऱ्याशा खोक्यान काय हाय? सोना हाय का?"

"फोन उघडायचं मशीन आहे, दादा. पासवर्ड माहीत नसला तरी उघडतं."

त्याने टेम्पो चक्क बाजूला घेतला.

"पासवर्ड नसला तरी?"

"हो."

"त्याला परदेशातशी मशीन आनली? माजी बायको मी झोपलो की माजाच आंगठा लावून उघडते! तिला घ्या की नोकरीला!"

* * *

मशीनबरोबर एक चावी आली. चावी म्हणजे दिसायला पेन ड्राइव्ह. ती लावल्याशिवाय मशीन चालत नाही, आणि हरवली तर नवीन चावी मिळवायला पुन्हा प्रस्ताव, पुन्हा शंका, पुन्हा बैठक. सर म्हणाले, "ही इथे ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही. शस्त्रागारात जमा करा!"

शस्त्रागार सावंत हवालदारांच्या ताब्यात. निवृत्तीला आलेले, बंदुकीला लेकरासारखं जपणारे. त्यांनी चावी हातात घेतली, उलटसुलट केली, सही घेतली आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी पहिलीच केस होती. फैजान चावी घेऊन आला आणि दारातच थबकला.

"ताई, ही बुळबुळीत का लागतेय?"

मागोमाग सावंत आलेच. छाती पुढे. "तेल दिलंय! इकडची हवा खारी. माझ्या ताब्यातल्या एकाही हत्याराला आजवर गंज चढलेला नाही!"

सर खुर्चीत बसले. बसले म्हणजे पडलेच. फैजानने कापूस आणला, स्पिरिट आणलं, दातकोरणीने कोपरे पुसले. मी देवाचं नाव घेत होते, फैजान अल्लाचं, सर दोघांचं. बराच वेळ वाळवून चावी लावली.

हिरवा दिवा लागला!

सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. सावंत मात्र दारात नाराज उभे.

"आतून पण साफ करणार होतो सर. पण नळीचं भोकच सापडलं नाही!"

* * *

आता शेवटचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही. नाव-गाव तर नाहीच.

एक मुलगी आईबरोबर आली. कॉलेजात शिकणारी, विशीच्या आतबाहेरची. सोबत वडील होते, पण ते आत आले नाहीत. समोरच्या बदामाच्या झाडाखाली गाडी लावून उभे राहिले. "बाबांना सांगितलंय मैत्रिणीचं काम आहे," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

तिने फोन दुरुस्तीला दिला होता. दुरुस्त करणाऱ्याने त्यातले तिचे फोटो काढून घेतले. ते तिने फक्त स्वतःसाठी काढलेले होते. आता तो धमक्या देत होता. पैसे नको म्हणत होता, भेटायला ये म्हणत होता.

मी तक्रार घेतली. ठाण्यातल्या मुलांनी दुपारच्या आत त्याला उचललं. त्याचा फोन आणि दुकानातला कॉम्प्युटर दोन्ही आमच्या टेबलावर आले. फोटो त्याने घाईघाईने पुसले होते. पूर्वी असतं तर हे सगळं पाकिटात घालून बोटीने गेलं असतं, आणि रांगेत नंबर लागेपर्यंत महिने गेले असते.

मुलगी बाकावर बसून होती. पुढ्यातला चहा तिने घेतला नाही. मला एकच विचारत होती.

"मॅडम, पुढे कोणाला पाठवलेत का?"

"बघतोय बाळा."

"पण पाठवले असतील तर?"

 मलाही मुलगी आहे.

फैजानने मशीन लावलं. तो एरवी कामात गाणं गुणगुणतो. त्या दिवशी नाही. सर त्याच्या मागे उभे, हाताची घडी घालून. पुसलेले फोटो सापडले. ते कधी आले, कुठे ठेवले, कधी पुसले, सगळं सापडलं. मग त्याने फोनमधून बाहेर काय काय गेलं ते तपासलं. मग कॉम्प्युटर तपासला. पुन्हा पहिल्यापासून तपासलं. शेवटी तो खुर्ची फिरवून माझ्याकडे वळला आणि मान हलवली.

"कुठेच गेलेले नाहीत, ताई. इथूनही नाही, तिथूनही नाही."

मी बाहेर जाऊन तिला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलत होते. मी पुन्हा सांगितलं. मग तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. मीही तिथेच बसले. उठावंसंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पायात चपला, हातात टोपली. टोपलीत हिरव्या पानांत गुंडाळलेला ताजा जिताडा मासा, हातभर लांब. मी ओळखलं. झाडाखालचे ते हेच.

"साहेब, खाडीतला हाय. सकाळीच काढलेला."

"काका, आम्हाला घेता येत नाही," सर म्हणाले. "आणि कशाबद्दल?"

 टोपली दोन्ही हातांत धरलेलीच.

"काय झालता ते मला ठाव न्हाय. पोर सांगत न्हाय, तिची आय बी सांगत न्हाय. पोर किती दिस धड जेवत न्हवती. काल तुमच्याकडशी आली नं पोटभर जेवली. म्हून आलो."

 सरांनी उठून स्वतःची खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"येकच सांगा साहेब. मी तिला काय इचारू नको ना?"

सर म्हणाले, "नका विचारू, काका."

"बरं," ते म्हणाले आणि टोपली घेऊन निघाले.